चौथ्या पिंजऱ्याला गुळाचं पाणी

आमच्या वाडीत मला उंदीरवाली म्हणतात. पाठीमागे म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही, कारण माझी जीभ कशी आहे ते आजूबाजूच्या तीन वाड्यांना ठाऊक आहे. एकदा नळावर एकीने विचारलं, "उंदरांना हात लावतेस, किळस नाय वाटत गो?" मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याच्या गंजीपेक्षा साफ असतात माझे उंदीर." त्यानंतर तिने हा विषय काढला नाही.

सव गावाच्या अलीकडे आमची बौद्धवाडी. तिथून रिक्षाने महाडला यायचं आणि स्टँडवरून चालत औषधशास्त्राच्या कॉलेजात. कॉलेजाच्या मागे, पुराचं पाणी चढू नये म्हणून उंच जोत्यावर बांधलेली एक बैठी इमारत आहे. तिला प्राणीघर म्हणतात. तिथे मी बारा वर्षं कामाला आहे. सकाळी सातला कुलूप उघडायचं, पिंजऱ्यातला ओला तूस काढून कोरडा घालायचा, पाण्याच्या बाटल्या धुऊन भरायच्या, खाद्य मोजून टाकायचं. मग दाराजवळच्या वहीत प्रत्येक पिंजऱ्यापुढे लिहायचं, 'ठीक', नाहीतर जे काही झालं असेल ते. मी बारावी झालेली आहे आणि माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून वही माझ्या ताब्यात. त्या वहीचा मला अभिमान होता. ते का सांगते, हे पुढे कळेल.

गुळाचं आधी सांगायला हवं. माझ्या वडिलांना साखर होती. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या. सकाळी गोळी घ्यायची आणि वर नीट खायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण हा माणूस गोळी घेऊन कोऱ्या चहावर शेतावर जायचा. दहा-अकराच्या सुमाराला साखर पार खाली उतरलेली, बांधावरून धडपडत यायचा. हात थरथरायचे, ओठ थरथरायचे, शर्ट घामाने चिंब, आणि तोंडाने काहीतरी भलतंच. एकदा तर मला त्यांच्या आत्याच्या नावाने हाक मारली. बघणारे म्हणायचे, घेतली वाटतं सकाळी सकाळी. आई आधी गुळाचा खडा त्यांच्या तोंडात सारायची, ओठांवरून पदर फिरवून पुसायची आणि मगच शिव्या घालायची. दहा मिनिटांत माणूस ताळ्यावर. कुणी विचारलं तर आई सांगायची, झोप लागली होती. कधीही दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाला लोकांनी दारुडा म्हणावं, हे तिला सोसत नव्हतं. म्हणून आमच्या घरात हे असं ठरून गेलं होतं: निस्तरायचं, पुसायचं आणि बोलायचं नाही. मी तेच शिकले.

वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली. भाकरीबरोबर गुळाचा खडा डब्यात टाकायची सवय मात्र राहिली.

ती पोरगी आली तेव्हा पावसाळा सरत आला होता. पोलादपूरच्या वरची, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका गावातली. शेतकऱ्याघरची. कॉलेजच्या वसतिगृहात राहायची आणि मोठ्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. पहिल्याच दिवशी तिने माझ्या डब्यातली नाचणीची भाकरी मागून घेतली आणि गुळाचा खडाही उचलला. "मावशी, आमच्याकडं पण असंच खातात," म्हणाली. बारा वर्षांत माझ्या डब्यात असा हात घालणारी माणसं मी एका हाताच्या बोटांवर मोजीन. का, ते सांगायची गरज नाही. पोरगी मला तिथेच आवडली.

दुसऱ्या दिवशी तिला उंदीर धरायला शिकवला. शेपटीला लटकवायचं नाही, खांद्यामागून अंगठा आणि बोट घालून उचलायचं, म्हणजे तो चावत नाही आणि घाबरत नाही. तिला पहिल्याच आठवड्यात दोनदा चावला. रडली नाही. उलट उंदरालाच म्हणाली, "चूक माझीच हाय रे बाबा."

तिचा प्रयोग हिवतापावरच्या एका जुन्या औषधाचा होता. ते औषध भरपूर प्रमाणात, दिवसामागून दिवस पोटात गेलं तर स्वादुपिंडाचं काय होतं, हे तिला बघायचं होतं. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे असतं ते, साखर ताब्यात ठेवणारा रस जिथून सुटतो ते. मला ते माहीत होतं. वडिलांचं तेच तर बिघडलं होतं.

"हाच विषय कशाला गो घेतलास?" मी विचारलं.

तिने सांगितलं. तिचा काका रस्त्याच्या कामावर होता. ताप घेऊन घरी आला. रक्त तपासलं, हिवताप निघाला, गोळ्या मिळाल्या, उतरला. पण कामावरच्या लोकांकडे उरलेल्या गोळ्या असायच्या. पुढे जरा अंग तापलं की हा त्यातल्या मूठभर घ्यायचा. ताप कसला आहे ते न बघता. एके दिवशी सकाळी तो थरथरायला लागला. घरच्यांनी गोधड्या घातल्या. तो बरळत होता, अंग ओलंचिंब. खाली पोलादपूरच्या दवाखान्यात न्यायला जीप मिळेपर्यंत दुपार झाली आणि त्याआधीच तो गेला. सगळे म्हणाले, हिवतापानेच खाल्ला.

"मला नाय पटलं ते," ती म्हणाली. "त्या दिवशी अंगात ताप नव्हता, मावशी. मी हात लावून बघितला होता. अंग गार होतं."

पुस्तकात असं लिहिलेलं होतं की हे औषध स्वादुपिंडाला डिवचतं, रस जास्त सुटतो आणि रक्तातली साखर धाडकन उतरते. माणसांमध्ये हे डॉक्टरांना माहीत आहे, म्हणून ते जपून देतात. तिला पुढचं बघायचं होतं. रोज डिवचून डिवचून त्या स्वादुपिंडाची आतून काय गत होते, ते. ते जिवंत माणसात बघता येत नाही. म्हणून उंदीर.

चोवीस उंदीर आले. सहा-सहाचे चार गट. पहिल्या गटाला नुसतं पाणी, दुसऱ्याला थोडं औषध, तिसऱ्याला मध्यम, चौथ्याला सगळ्यात जास्त. ओळखू यावेत म्हणून अंगावर पिवळ्या रंगाच्या खुणा. कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीवर. रोज संध्याकाळी पाचला ती बोथट टोकाच्या वाकड्या सुईने त्यांच्या घशाखाली डोस सोडायची. दर सोमवारी सकाळी दहाला, वर्गातून सुटून आली की शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन साखर बघायची. त्यासाठी रविवारी संध्याकाळी खाद्य काढून ठेवायचं. रात्रभर उपास.

म्हणजे सोमवारी सात ते दहा त्या चोवीस जिवांजवळ फक्त मी असायचे.

दुसऱ्या सोमवारी कुलूप उघडलं तेव्हा चौथ्या पिंजऱ्यात हालचाल नव्हती. एरवी माझी चप्पल वाजली की सगळे जाळीला येतात. जवळ गेले. तिघं कोपऱ्यात पाठीला कमान करून बसलेले, केस उभे, डोळे अर्धे मिटलेले. डोक्यावर पिवळं असलेल्याचे पुढचे पाय थरथरत होते. हात घातला तर सरकायला बघत होता, पण मागचे पाय फरफटले. मान लटलट हलत होती.

ते थरथरणं मी ओळखलं. बांधावरून येणारे वडीलच.

मी विचार केला असं म्हणणार नाही. विचार केला असता तर बरं झालं असतं. डबा उघडला, झाकणात पाणी घेतलं, त्यात गूळ चुरला, कपाटातला ड्रॉपर घेतला आणि एकेकाला उचलून ओठांच्या कडेला थेंब थेंब सोडत गेले. घाई केली तर पाणी छातीत जातं. मला ते जमतं. मग कापसाने प्रत्येकाची तोंडं पुसली. गूळ चिकट, केसांना लागला की दिसतो. पंधरा मिनिटांत डोक्यावर पिवळा असलेला जाळीला नाक लावून उभा. "चालू लाग मेल्या," मी त्याला म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं हे खोटं कशाला सांगू, होतंच.

वहीत चौथ्या पिंजऱ्यापुढे लिहिलं: ठीक.

दहाला पोरगी आली. थेंब घेतले. साखर चांगली होती. तिने आकडे उतरवले आणि जरा ओठ दुमडला, इतकंच.

पुढच्या सोमवारी पाच जण थरथरत होते. मी घरूनच जास्त गूळ घेऊन गेले होते. त्याच्या पुढच्या दोन सोमवारी सहाही. डोक्यावर पिवळा असलेला आता झाकणाचा आवाज ओळखायचा. थरथरतच जाळीपर्यंत यायचा आणि माझं बोट चाटायचा. आणि मी दर वेळी 'ठीक' लिहायचे. मला ते खोटं वाटतच नव्हतं. ती आली तेव्हा ठीकच तर होते ना!

आता वाटतं, कानाखाली कुणीतरी जाळ काढायला हवा होता माझ्या.

"काहीच नाय होत हो मावशी," एका सोमवारी ती म्हणाली. "साखर जागची हलत नाय. म्हणजे काका तापानेच गेला असणार. मीच आपलं मनाचं घेऊन बसले." मला वाटलं, बरंच झालं, पोरीच्या डोक्यातून ते जाईल. माझी अक्कल तेवढीच.

शेवटच्या दिवशी सगळ्यांना गुंगी देऊन मारायचं असतं. प्रयोग असाच संपतो. बारा वर्षं बघते आहे, तरी त्या दिवशी मी डबा नेत नाही. पोरीने हात थरथरू न देता काम केलं. उंदराचं स्वादुपिंड सापडत नाही पटकन, चरबीसारखं विखुरलेलं असतं, ते तिने मऊ चिमट्याने उचलून बाटलीत ठेवलं. चोवीस बाटल्या. डोक्यावर पिवळा असलेल्याला मीच टेबलावर नेऊन दिला. नेताना त्याने बोट चाटलं.

काही दिवसांनी काचपट्ट्या तयार झाल्या. तिने मला सूक्ष्मदर्शकाजवळ बोलावलं. "हे पाण्याच्या गटाचं बघा." गुलाबी पसाऱ्यात फिकट रंगाची गोल बेटं, काठ नीट, आत पेशी दाटीने बसलेल्या. "त्या बेटांतून साखरेचा रस येतो." मग पट्टी बदलली. "हे चौथ्याचं." बेट होतं, पण फुगलेलं, काठ फाटलेला. आतल्या पेशींमध्ये पोकळ्या, काही नुसत्याच पुसल्यासारख्या. भोवतालचा गुलाबी भागही ठिकठिकाणी भोकं पडलेला. नाचणीच्या पिठात किडे पडले की चाळणीत उरतं, तसं काहीतरी.

"सहाही जणांचं असंच हाय," ती म्हणाली. "मावशी, मी बरोबर होते."

सहाही जणांचं आतून असं झालं होतं, आणि वहीत सहाही जण ठीक होते.

तिच्या मार्गदर्शक सरांनी सगळं एकत्र मांडलं तेव्हा मी शेजारच्या खोलीत बाटल्या धूत होते. सर वाईट माणूस नाही. कोरडा आहे, आणि कामात चूक खपवत नाही. आवाज चढवला नव्हता, तरी शब्दन् शब्द ऐकू आला.

"स्वादुपिंडाची अशी अवस्था आणि साखर इतकी उत्तम? ती पण उपाशीपोटी, प्रत्येक सोमवारी? एक तर या पट्ट्या तू बदलल्यास, नाहीतर हे साखरेचे आकडे खोलीवर बसून लिहिलेस."

"नाही सर. मी स्वतः थेंब घेतलेत."

"तुझ्या काकांचं मला माहीत आहे. तुला जे दिसायला हवं होतं तेच दिसलंय. यालाच बनवाबनवी म्हणतात. पुढच्या आठवड्यात समितीपुढे ठेवतो. काही खुलासा असेल तर आण, नाहीतर हा प्रबंध मी पुढे पाठवणार नाही. आणि नुसता प्रबंध नाही जात अशा वेळी, नाव जातं."

ती बाहेर आली. चेहरा पांढराफटक. माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"मावशी, सकाळी तुम्हीच असता. सोमवारी कधी काय वेगळं दिसलं का? एखादा तरी सुस्त, थरथरणारा?"

नळ चालू होता. मी बाटलीत बघत म्हटलं, "नाय गो बाय. सगळे बरे होते."

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले असेन, पण हे एक अजून घशात अडकलेलं आहे. भीती होती. नोकरी जाईल ही होतीच. पण त्याहून जास्त भीती ही होती की ती माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. माझ्या डब्यात हात घातलेली पोरगी.

चार दिवस मी प्राणीघरात तोंडाला कुलूप लावून होते. घरी सगळ्यांवर खेकसत होते. रविवारी आईचे गुडघे शेकायला तिला सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेलं. पाय पाण्यात सोडून बसली होती. मला म्हणाली, "काय झालंय? आठवडाभर धुसफूस चाललीय तुझी." मी सांगून टाकलं. मला वाटलं होतं, म्हणेल, चांगलं केलंस, मुक्या जिवाला गूळ दिलास.

तिने ओंजळीने गुडघ्यावर पाणी घेतलं. मग म्हणाली, "तुझ्या बापाला डॉक्टर दर खेपेला विचारायचा. चक्कर येते काय, थरथरायला होतं काय. मी सांगायची, नाय, बरे हायत. डॉक्टराला तो दारुडा नको वाटायला. डॉक्टर बिचारा म्हणायचा, मग गोळी अशीच चालू दे."

मग वडील गेले त्या दिवसाचं बोलली.

"त्या दिवशी मी तुझ्या मावशीकडं गेलेली. घरात कोण नव्हतं. गूळ डब्यात होता, द्यायला कोण नव्हतं." तिने पाय पाण्यातून काढले. "मी नाय सांगितलं म्हणून गेला तो. इतकी वर्षं कुणाला बोलली नाय. तू जा आणि सांग. आजच जा."

रविवार होता, कुठे जाणार होते? पण सोमवारी सातला न जाता सर येतात तेव्हा, साडेनवाला, मी त्यांच्या दारात उभी राहिले. पोरीला आधीच निरोप देऊन बोलावलं होतं. मी बसले नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गूळ, झाकण, ड्रॉपर, कापूस, आणि वहीतला 'ठीक'. चारही सोमवार. आवाज फाटला मध्येच, पण थांबले नाही.

सर चष्मा काढून टेबलावर ठेवून बसले. "तुम्हाला कळतंय, मावशी, तुम्ही काय केलंत?"

"आता कळतंय."

"औषधाने जे झालं ते तुम्ही दर सोमवारी पुसून टाकलंत. या मुलीवर मी काय काय बोललो." ते तिच्याकडे वळले. "माझे शब्द मी मागे घेतो. लिहून देतो."

मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. मला वाटलं, ओरडेल. ओरडावं असंच वाटत होतं. तिने पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि शांतपणे विचारायला लागली. "किती वाजता दिसायचं?" उघडल्याबरोबर, सात-सव्वासात. "आधी काय? केस उभे, की थरथर?" आधी सुस्त, मग केस, मग थरथर. "पाय ओढायचे?" मागचे. "अंग?" गार. हाताला गार लागायचं.

ती लिहीत होती.

"गूळ दिल्यावर किती वेळात उठायचे?"

"दहा मिनिटं. फार तर पंधरा."

पेन थांबलं. तिने मान वर केली नाही.

"आम्ही काकाला गोधडीवर गोधडी घालत होतो," ती म्हणाली. "अंग गार लागतंय म्हणून. चार तास. चुलीच्या वरच्या फळीवर गुळाची ढेप होती, मावशी. अख्खी."

मग ती रडली. मोठ्याने, लहान पोरासारखी. मी तिला जवळ घेतलं. माझा काय अधिकार होता, तरी घेतलं, आणि तिने घेऊ दिलं.

मला वाटलं होतं, नोकरी जाईल. गेली नाही. समितीच्या माणसांनी ताकीद दिली, सही घेतली. पण ते चोवीस उंदीर रद्द झाले. गूळ पाजलेल्या जनावरांचा हिशोब धरता येत नाही. त्यांचं सुई खाणं, उपास, थरथर, मरणं, सगळं फुकट गेलं. पोरीची पदवी सहा महिने लांबली. सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं. नवे चोवीस मागवले.

सहा जणांना गूळ दिला, आणि त्यापायी चोवीस नवे मरणार. हे मी कितीदा उलटंसुलटं करून बघितलं, तरी उत्तर तेच येतं.

समितीने एक नियम घालून दिला होता. थरथर दिसली की वेळ लिहायची, लगेच पोरीला बोलवायचं, तिने थेंब घ्यायचा. झटके सुरू झाले तर वाट न बघता त्या जिवाला गुंगी देऊन संपवायचं. मधल्या वेळात कुणी काही द्यायचं नाही. सकाळी कोण बसणार, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, दुसरं कुणी द्या, माझ्याच्याने नाही होणार. पोरगी म्हणाली, "सर, पहिली थरथर आम्हाला दिसतच नाही. मावशींना दिसते." आणि माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "तुम्हीच बसा. तुमच्यावर माझा भरवसा हाय."

शिक्षा केली असती तर सोपं गेलं असतं.

नव्यांचा दुसरा सोमवार. मी सातला कुलूप उघडलं. डबा आणला नव्हता. चौथ्या पिंजऱ्यासमोर स्टूल घेऊन बसले, मांडीवर वही, समोर भिंतीवर घड्याळ. पाच जण तुसात गुरफटून झोपले होते. सहावा, यालाही डोक्यावर पिवळं, जाळीला येऊन माझं बोट हुंगायला लागला. त्याला गुळाची सवय नव्हती, नुसतं बोट. मी बोट काढून घेतलं.

थोड्या वेळाने तो मागे सरकला. पाठीला कमान आली. केस उभे राहिले. मी बघत होते. त्याचे पुढचे पाय थरथरायला लागले, आणि तो पुन्हा जाळीकडे यायला बघत होता. मागचे पाय फरफटत होते.

मी पोरीला फोन लावला. ती वसतिगृहातून निघाली. धावत यायला तिला सहा-सात मिनिटं लागतात. तोवर मला फक्त लिहायचं होतं.

मी लिहिलं: सात वाजून वीस मिनिटं. चौथा गट, डोक्यावर पिवळा. थरथर सुरू.

अक्षर नीट आलं होतं.